अप-डाऊनचा खर्च कमी करायचाय? गाडी वाटून वापरण्याची पूर्ण पद्धत

यवतमाळहून दारव्ह्याला, अमरावतीहून दर्यापूरला, अकोल्याहून मूर्तिजापूरला, वर्ध्याहून हिंगणघाटला सकाळी सातच्या सुमारास रस्त्यावर उभं राहिलं की एक गोष्ट दिसते. एकामागून एक गाड्या जातात आणि बहुतेकांत एकच माणूस असतो. शिक्षक, तलाठी, बँकेतली मंडळी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, कृषी सहायक, कोर्टातले कारकून, सगळ्यांची दिशा एक आणि वेळही जवळपास एक. तरी प्रत्येक जण आपापलं पेट्रोल जाळतो. पगारातला मोठा घास असा रस्त्यावर जातो आणि महिनाअखेरीला घरात किराण्याच्या यादीवरून बोलाचाली होतात. हे टाळता येतं. त्यासाठी नवी गाडी घ्यायची गरज नाही. वेळ जुळणारी तीन-चार माणसं आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट बोललेला हिशेब, एवढं पुरतं. या दोन्हींपैकी हिशेबाचं बोलणं लोक टाळतात आणि तिथेच गाडी अडते.

आधी तुमचा आजचा खर्च कागदावर मांडा

"महिन्याला तीनेक हजाराचं पेट्रोल लागतं" हा अंदाज झाला. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, ब्रेकचे लायनर, चेन-स्प्रॉकेट हे त्यात नसतं. म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. तुमचे आकडे घालून तुम्हीही तसंच करा.

एका बाजूचं अंतर ३५ किलोमीटर धरू, म्हणजे रोजचे ७०. महिन्याचे कामाचे दिवस २४, तर एकूण १,६८० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू.

एकट्याची बाइक, ॲव्हरेज ५० चं: पेट्रोल ३३.६ लिटर, म्हणजे ३,५२८ रुपये. झिजेचे किलोमीटरमागे ६० पैसे धरले तर साधारण १,००८. एकूण ४,५३६ रुपये.

एकट्याची कार, ॲव्हरेज १६ चं: पेट्रोल १०५ लिटर, म्हणजे ११,०२५ रुपये. झिजेचा दीड रुपया किलोमीटरमागे धरला तर २,५२०. एकूण १३,५४५ रुपये.

आता त्याच कारमध्ये चार जण बसवा. प्रत्येकी ३,३८६ रुपये. म्हणजे उन्हापावसात एकट्याने बाइक हाणण्यापेक्षा चौघांची कार स्वस्त पडते. तिघंच असले तर प्रत्येकी ४,५१५, म्हणजे बाइकइतकेच. बाइकवर दोघं गेले तर प्रत्येकी २,२६८. निव्वळ पैशाचं पाहिलं तर दोघांची बाइक कारला मागे टाकते. पण मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दुपारी दोनला डांबरी रस्त्यावरून ७० किलोमीटरची बाइक काय असते, ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

गाडी ठरवण्याआधी एसटीचा हिशेब करा

अनेक जण थेट कारवर येतात. एसटीचा आकडा शेजारी मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नका, विशेषतः घरातली प्रवास करणारी व्यक्ती बाई असेल तर.

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या बसमध्ये महिलांना निम्मं तिकीट आहे. २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी ही सवलत कायम राहिली. आपल्या उदाहरणातल्या अंतराचं साधं तिकीट ६० रुपये धरलं तर बाईचे महिन्याचे ३० रुपये गुणिले दोन गुणिले २४, म्हणजे १,४४० रुपये होतात. चौघांच्या कारच्या निम्म्याहून कमी. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, म्हणून पांढरकवड्याहून आदिलाबादकडे जाणाऱ्यांनी हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण धरावं.

पुरुषांसाठी मासिक पास आहे. २० दिवसांचं भाडं भरा आणि ३० दिवस फिरा. त्रैमासिक पासमध्ये ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. आपल्या उदाहरणात मासिक पास २,४०० रुपयांचा पडतो. ज्येष्ठांना तर ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत प्रवास आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना तालुक्याला न्यायचं असेल तर कारचा विचार पैशासाठी करूच नका, तब्येतीसाठी करा.

मग लोक एसटी का सोडतात? कारण बस आठला नसते, ती पावणेआठला निघून गेलेली असते किंवा साडेआठला येते. कधी फेरी रद्द होते. संध्याकाळी सहानंतर आडमार्गाच्या गावाला गाडीच नसते. शकुंतला ही छोटी रेल्वे बंद पडल्यापासून कारंजा, दारव्हा या पट्ट्यातल्या लोकांना तर रस्त्याशिवाय दुसरा आधारच राहिला नाही. वर्धा-नागपूर किंवा बडनेरा-अकोला अशा रेल्वेच्या वाटेवर असाल तर मात्र रेल्वेचा मासिक पास आधी पाहा. त्यापुढे कारचा हिशेब बसणं अवघड.

यातून माझं ठाम मत असं झालंय की सगळ्यांनी सगळा प्रवास गाडीतच केला पाहिजे असं काही नाही. सकाळची बस वेळेवर असेल आणि संध्याकाळची नसेल तर जाताना एसटी, येताना वाटून घेतलेली कार. एखादी मॅडम अशी अर्धी-अर्धी वाटणी करत असेल तर तिचे ७२० रुपये एसटीचे आणि कारच्या वाट्याचे निम्मे, साधारण १,६९३. एकूण २,४१३. कार पूर्ण महिना घेण्यापेक्षा हजारभर रुपये वाचले आणि संध्याकाळी फाट्यावर एकटं उभं राहणंही टळलं.

माणसं शोधा, वेळ जुळवूनच

कारपूलची मोबाइल ॲप मोठ्या शहरांच्या रस्त्यांवर कामाची. दिग्रस, आर्णी, घाटंजीच्या वाटेवर माणसं ओळखीतूनच मिळतात आणि सुरक्षेच्या दृष्टीने तेच बरं. शोधायला आपलं ऑफिस पुरत नाही. शेजारच्या कचेऱ्या बघा: पंचायत समिती, तहसील, बँकेची शाखा, महावितरणचं उपविभागीय कार्यालय, ज्युनिअर कॉलेज, ग्रामीण रुग्णालय. शिक्षकांचा केंद्राचा व्हॉट्सॲप गट असतोच, त्यात एक मेसेज टाका. मेसेजमध्ये चारच गोष्टी लिहा: कुठून, कुठपर्यंत, निघायची वेळ, परतायची वेळ.

इथे एक खाचखळगा आहे. वेळापत्रक वरून सारखं दिसतं, पण आत फरक असतात. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शाळांना नाही. बँकेला फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. जिल्हा परिषदेच्या शाळेचा शनिवार सकाळचा असतो आणि उन्हाळ्यात शाळाच सकाळची होते. म्हणजे तहसीलचा कारकून, बँकेचा कॅशियर आणि झेडपीचे गुरुजी एका गाडीत असतील तर मार्च उजाडताच घडी विस्कटते. हे आधी माहीत असेल तर उपाय सोपा आहे. गट शक्यतो एकाच प्रकारच्या कार्यालयांचा बांधा किंवा उन्हाळ्यापुरता वेगळा गट करायचा हे जानेवारीतच ठरवा.

संख्या चारच ठेवा. पाच जणांत मागच्या सीटवर तिघं मोठी माणसं रोज ७० किलोमीटर आनंदाने बसत नाहीत, महिन्याभरात कुरबुर होते. आणि पहिले पंधरा दिवस चाचणीचे आहेत असं उघड बोलून सुरुवात करा, म्हणजे पटलं नाही तर कोणी बाजूला होताना अवघडत नाही.

एकाची गाडी की आळीपाळीने?

चौघांकडेही कार असेल तर आळीपाळी सर्वांत उत्तम. एक आठवडा एकाची, पुढचा दुसऱ्याची. पैशाची देवघेवच नाही, त्यामुळे वादही कमी. फक्त पाळी आठवड्यावर मोजायची की फेऱ्यांवर, ते ठरवा. सुट्ट्या ज्याच्या आठवड्यात आल्या त्याचा फायदा होतो, म्हणून फेऱ्या मोजणं न्याय्य.

एकाकडेच कार असेल, जे आपल्याकडे जास्त दिसतं, तर गाडीवाल्याने आपला वाटा भरायचा की नाही हा प्रश्न येतो. माझ्या मते भरायचाच. गाडी त्याची झिजते हे खरं, पण झिजेचे पैसे आपण वेगळे धरलेत. त्याने पेट्रोलचा आपला वाटा भरला की व्यवहार खर्च वाटून घेण्याचा राहतो, धंद्याचा होत नाही. या फरकाला कायद्यात वजन आहे.

पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी आणि कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला परमिट लागतं. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीला ते नसतं. म्हणून बसस्टँडवर उभं राहून "यवतमाळ, यवतमाळ" ओरडत अनोळखी प्रवासी घेणं, सीटमागे दर लावणं, त्यातून कमाई करणं, हे करू नका. ठरलेल्या सहकाऱ्यांनी झालेला खर्च वाटून घेणं इतकंच ठेवा आणि एक रुपयाही वर घेऊ नका.

विम्याचं त्याहून महत्त्वाचं, आणि याकडे फार कमी लोक पाहतात. गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचं नुकसान भरून मिळतं. तुमच्या खासगी कारमध्ये बसलेल्या सहप्रवाशाला किंवा बाइकवर मागे बसलेल्याला त्यातून संरक्षण मिळत नाही. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीत बसलेल्यांची जबाबदारी त्यात येते. गाडी वाटून वापरायची असेल तर पॅकेज पॉलिसीच घ्या आणि वाढीव हप्ता चौघांत वाटा. शिवाय थोड्या जादा हप्त्यात प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात विमा जोडता येतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का तेही बघा. पॉलिसी, पीयूसी, आरसी, लायसन्स डिजीलॉकरमध्ये ठेवा, ते चालतं. पॉलिसीचा फोटो मात्र गटात टाका. आपण कोणत्या संरक्षणात बसलोय हे मागच्या सीटवरच्या माणसालाही कळलं पाहिजे.

मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावायचा. बाइकवर दोघांनाही हेल्मेट. आणि ट्रिपल सीट कधीच नाही, कितीही जवळ जायचं असलं तरी.

हिशेबाची वही

आता सर्वांत नाजूक भाग. कारचा रोजचा खर्च आपण काढला: पेट्रोल ४५९ आणि झीज १०५, म्हणजे ५६४ रुपये. चौघांत १४१. उद्या एक जण नाही आला तर? गाडी तेवढंच पेट्रोल पिणार. उरलेल्या तिघांवर १८८ पडतात. महिन्यातून चार-पाच वेळा असं झालं की कुणाच्या तरी मनात येतंच की त्याच्या सुट्टीचा भार आपल्यावर का.

टिकलेल्या गटांमध्ये एक नियम चांगला चालतो. आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर गैरहजर माणसाने आपला अर्धा वाटा भरायचा, म्हणजे ७० रुपये ५० पैसे, आणि उरलेला अर्धा तिघांनी वाटून घ्यायचा, प्रत्येकी साडेतेवीस. सकाळी ऐनवेळी कळवलं तर पूर्ण वाटा. घरात आजारपण किंवा मयत असेल तर नियम लागू नाही, हे वेगळं सांगावं लागू नये, पण सांगून ठेवा. गाडीवाला स्वतः सुट्टीवर असेल तर कोणाचाच वाटा नाही आणि ज्याने त्याने आपली सोय करायची.

नोंद साधी ठेवा. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही, त्यात तारखेसमोर चार नावांचे पहिले अक्षर. जो आला त्याच्यापुढे बरोबरची खूण, कळवून नाही आला त्याच्यापुढे अर्धी रेघ, न कळवता नाही आला त्याच्यापुढे फुली. खूण गाडीवाल्याने करायची नाही, पुढे शेजारी बसलेल्याने करायची. पेट्रोल भरलं की पावतीचा फोटो तिथल्या तिथे गटात. महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयने पैसे. "देऊ ना भाऊ, पगार नाई झाला" असं पहिल्याच महिन्यात ऐकू आलं तर त्याच संध्याकाळी चहावर बसून बोला, दुसऱ्या महिन्यावर ढकलू नका.

झिजेचे जे पैसे जमतात त्यात दरमहा २,५२० येतात. ते गाडीवाल्याच्या खिशात रोजच्या खर्चात मिसळू देऊ नका. वेगळ्या खात्यात राहिले तर टायर बदलायची वेळ येते तेव्हा कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

फाटा, थांबा आणि पाच मिनिटं

गावाकडच्या अप-डाऊनमध्ये सगळे एका कॉलनीतले नसतात. एक जण रस्त्याच्या गावात राहतो, दुसरा चार किलोमीटर आत. गाडी आत वळवायची नाही, हा नियम करा. आतल्या माणसाने बाइक घेऊन फाट्यावर यायचं. फाट्यावर बाइक दिवसभर उभी राहणार, म्हणून ओळखीच्या किराणा दुकानदाराला किंवा हॉटेलवाल्याला विचारून त्याच्या नजरेसमोर, सावलीत लावा. महिन्याला थोडेफार पैसे द्या आणि ते उघड ठरवा. फुकट लावलेल्या गाडीकडे कोणी लक्ष देत नाही आणि संध्याकाळी पेट्रोलची नळी काढलेली सापडते. उन्हाळ्यात सीटवर पोतं टाकून जाणारे लोक फाट्याफाट्यावर दिसतात. तीही चांगली सवय, नाहीतर संध्याकाळी बसता येत नाही.

प्रत्येक थांब्यावर गाडी फक्त पाच मिनिटं थांबेल. सहाव्या मिनिटाला निघेल. हे कठोर वाटतं, पण एकाच्या उशिरामुळे तिघांची बिनपगारी किंवा वरिष्ठांची बोलणी होऊ शकतात. लाइव्ह लोकेशन सुरू ठेवलं की फोनाफोनी करावी लागत नाही.

पावसाळ्यात मार्गात कोणते नाले ठेंगणे पूल ओलांडून वाहतात, ते सर्वांना माहीत असतं. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, चालकावर कोणी दबाव आणायचा नाही. पर्यायी लांबच्या रस्त्याचं जादा पेट्रोल सगळ्यांनी भरायचं, हेही आधीच ठरलेलं बरं. नाहीतर गाडीवाला खर्च वाचवायला धोका पत्करतो.

महिलांचं

गटात किमान दोन बायका असाव्यात किंवा बाईला बोलवताना तिला गटातले सगळे कोण हे आधी सांगावं. तिच्या घरच्यांना गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन दिलेला असावा. मध्येच नवा माणूस घ्यायचा असेल तर तिला विचारून, आणि तिचं "नको" कारण न विचारता मान्य करून. परतताना अंधार पडत असेल तर तिला फाट्यावर नाही, घराजवळ सोडायचं. आत वळायचं नाही या नियमाला हा एकच अपवाद ठेवा. अडचण आलीच तर ११२ आणि अपघात झाला तर १०८ हे नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असावेत.

शाळा-कॉलेजची मुलं आणि मजूर

खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत जायला एसटीचा मोफत पास मिळतो, मुलांनाही सवलतीचा पास आहे. पास काढायला मुख्याध्यापकांचं पत्र लागतं, जूनमध्येच मागा. अकरावीच्या पोराच्या हाती बाइक देऊन मित्रांना डबलसीट न्यायला सांगणं ही बचत नव्हे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे.

सोयाबीनच्या सवंगणीला आणि कापसाच्या वेचणीला परगावचे मजूर आणताना ऑटोभाड्याचा भार शेतकऱ्यावर येतो, म्हणून मालवाहू पिकअपमध्ये वीस-पंचवीस बाया उभ्या करून नेतात. हे मनापासून सांगतो, हे बंद करा. मालवाहू गाडीत मजूर नेणं नियमबाह्य आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. त्याऐवजी एका शिवारातले चार-पाच शेतकरी एकत्र येऊन परमिट असलेली काळी-पिवळी किंवा प्रवासी ऑटो आठवड्याच्या बोलीवर ठरवा. तिला दोन फेऱ्या मिळतात, रोजच्या सुट्या भाड्यापेक्षा दर उतरतो आणि बाया बसून येतात. पैसे कसे वाटायचे? एकरावर नको, त्या दिवशी कुणाच्या वावरात किती मजूर उतरले त्यावर वाटा. सकाळी उतरतानाच मोजणी होते, संध्याकाळी वाद राहत नाही.

एखादा निघून गेला तर

जूनच्या आसपास बदल्यांचे आदेश निघतात आणि गटातली एक जागा रिकामी होते. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येकाकडून एका महिन्याचा वाटा अनामत घेऊन ठेवा आणि पंधरा दिवसांची सूचना हा नियम करा. जाणाऱ्याला अनामत आणि झिजेच्या खात्यातला न वापरलेला त्याचा वाटा परत करा, वहीत त्याची सही घ्या. रिकाम्या जागेसाठी नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला पहिल्याच आठवड्यात विचारा. त्याने अजून भाड्याची खोली पाहिलेली नसते, गाडी घ्यायची की नाही हेही ठरलेलं नसतं, आणि त्याच वेळी त्याला असा आधार लागतो.